मेमरीवर डिझर्टेशन करताय? मग माणसांना नीट घरी कसं पाठवायचं ते आधी बघा

दरवर्षी सिनॉप्सिसचे (स्टडीचा आराखडा द्यायचे) दिवस आले की मला दोन-चार ज्युनिअर्सचे फोन येतातच. ताई, मेमरीवर टॉपिक घेतलाय, सोपा आहे ना, लिस्ट वाचायची, काय आठवतं विचारायचं, मार्क मोजायचे, संपलं. मी म्हणते टॉपिक सोपाच आहे रे, एथिक्सचं काय केलं? मग समोरून शांतता, आणि मग, "कन्सेंट फॉर्म ना, संमतीचा, आहे ना, सिनिअरचा आहे माझ्याकडे." मी एकदा असा फॉर्म बघितलाय ज्यात वरचा टॉपिक बदलला होता पण खाली जुन्याच मुलीचा फोन नंबर राहिला होता, म्हणजे कोणाला काही त्रास झाला असता तर फोन गेला असता लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुलीला.

तर हे त्या सगळ्यांसाठी. नागपुरात सायकॉलॉजीचं एमए करताय, पहिल्यांदाच जिवंत माणसांवर स्टडी करताय, आणि विषय आहे आठवण, लक्ष, अंदाज हे सगळं किती भरवशाचं असतं हा.

आपला विषय वेगळा का आहे

उंची मोजली म्हणून कोणी बुटका होत नाही. पण आठवण किती भरवशाची आहे हे बघायचं तर समोरच्याला चुकवावं लागतं, तेही मुद्दाम. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी पाठ केलेला असतो. गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, मग स्पीड विचारला, फक्त क्रियापद बदललं. "आदळल्या तेव्हा स्पीड किती होता" असं विचारलेल्यांनी सरासरी ताशी ४० मैल सांगितला, "एकमेकींना लागल्या तेव्हा" म्हटलं तर ३२ च्या आसपास. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का, तर "आदळल्या" ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधं "धडकल्या" ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच नव्हतीच.

परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण जरा त्या १६ जणांच्या बाजूने बघा ना, त्यांच्या डोक्यात नसलेली काच कोणी टाकली, आपण टाकली. अपघाताच्या फिल्ममधली काच आहे म्हणून ठीक, त्याने कोणाचं आयुष्य अडत नाही. पण पद्धत तीच वापरून तुम्ही कोणाच्या लहानपणात, कोणाच्या घरात, कोणाच्या स्वतःवरच्या विश्वासात हात घालू शकता, आणि तो हात परत नीट बाहेर काढायचा कसा हे बहुतेक ठिकाणी कोणी शिकवत नाही.

मी कशी आपटले ते सांगते

माझ्या एमएच्या वेळी मी शब्दांची लिस्ट घेतली होती. पद्धत जुनी आहे, डीस यांनी १९५९ मध्ये केलेली, मग रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये ती पुन्हा वर काढली. एकाच गोष्टीभोवतीचे शब्द वाचायचे आणि मधला मुख्य शब्दच वाचायचा नाही. मी मराठीत केली होती: पलंग, उशी, चादर, रात्र, स्वप्न, जांभई, घोरणं, अंगाई, डुलकी, आराम, जागरण, थकवा. यात "झोप" नाही. तरी लोक छातीठोकपणे सांगतात की झोप होता. १९९५ च्या त्या पहिल्या प्रयोगात साधारण ४० टक्के वेळा लोकांनी न ऐकलेला शब्द लिहून दिला होता, म्हणजे यात कोणाचं डोकं खराब नसतं, चांगल्या चालत्या डोक्याचीच ही सवय आहे.

मला वयस्कर लोक हवे होते म्हणून ओळखीतल्या एका काकूंकडे गेले. (कोणत्या एरियातल्या, रिटायर कुठून झाल्या, हे लिहीत नाही, का ते पुढे कळेल. आणि हे लिहू का म्हणून त्यांना विचारलंय.) हॉलमध्येच बसलो, काका बाजूला पेपर वाचत होते, मला वाटलं काय फरक पडतो. काकूंनी झोप लिहिलं. मी, हुशार, लगेच म्हटलं की काकू झोप नव्हता लिस्टमध्ये. काकू म्हणाल्या होता गं, तू म्हटलं, मी ऐकलं. मी कागद दाखवला. त्या बघत राहिल्या. आणि तेवढ्यात पेपरच्या मागून आवाज आला, "मी म्हणतोच ना, हिला आजकाल काही लक्षात राहत नाही. परवा गॅस चालू ठेवला होता."

काकू हसल्या, पण ते हसू नव्हतंच. चहा ठेवायला आत गेल्या. मी थँक्यू म्हणून, चहा पिऊन, पाच मिनिटांत निघाले कारण मला अजून दोन घरं करायची होती. चार दिवसांनी आईने सांगितलं की काकू डॉक्टरकडे जाऊन आल्या, मला स्मृतिभ्रंश तर नाही ना झाला म्हणून. माझ्याकडे त्यांच्या सहीचा कन्सेंट फॉर्म होता बरं का, नीट फाइलला लावलेला.

पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या फाइलमुळे सुचलेल्या आहेत असं समजा.

१. स्टडी माणसाशी नेमकं काय करतो ते एका ओळीत लिहा

गाइडकडे जायच्या आधी हे लिहा, टॉपिक नाही, काय करतो ते. माझ्या हिशोबाने तीन जाती आहेत. एक, माणूस आपणहून जे विसरतो तेवढंच बघणं. दोन, छोटीशी चकवणूक, माझ्या लिस्टसारखी. तीन, नवी खोटी आठवण पेरणं. पहिल्यांदा करणाऱ्याने पहिल्या दोनमध्येच राहावं, माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्याचं सगळ्यांना फार आकर्षण असतं. लॉफ्टस आणि पिक्रेल यांनी १९९५ मध्ये लोकांना सांगितलं की लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होता, घरच्यांनीच सांगितलंय. २४ पैकी ६ जणांना ते पूर्ण किंवा थोडं तरी "आठवलं". मागे एक मुलगा माझ्याकडे याची नागपुरी आवृत्ती घेऊन आला होता, तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत, महाल भागात, तू सहा वर्षांचा असताना हरवला होतास, आणि हे आईकडून वदवून घ्यायचं. आयडिया भारी आहे यार, नाकारत नाही. पण बघा त्यात काय काय आहे, आईला खोटं बोलायला लावताय, मुलाला कळल्यावर त्याने आईवर चिडायचं की तुमच्यावर, आणि तो खरंच कधी हरवला असेल, वेगळ्या गर्दीत, आणि घरात त्यावर कोणी बोलत नसेल तर? मूळ मॉलच्या स्टडीवरसुद्धा १९९९ मध्ये एथिक्सच्या बाजूने जोरदार टीका झाली होती, आणि ती माणसं या कामात मुरलेली होती. आपल्याकडे सहा महिने आणि एक प्रिंटर.

२. कमिटीकडे आधी जा, डेटा घेऊन नाही

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना डाउनलोड करून ठेवा, नाव बायोमेडिकल असलं तरी त्यात सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचा भाग आहे. एथिक्स कमिटीत, म्हणजे स्टडीला परवानगी देणाऱ्या कमिटीत, ७ ते १५ सदस्य असावेत आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा असं त्यात आहे, म्हणजे एचओडी आणि दोन मॅडम चहा पिता पिता हो म्हणाल्या तर ती कमिटी झाली नाही. तुमच्या कॉलेजात कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे करार करून जाता येतं, गाइडला हे विचारा, लाजू नका. "आमच्या स्टडीत रिस्क नाही, मग परवानगी कशाला" हे पण ऐकू येतं. रिस्क नाही हे ठरवायचं कामसुद्धा कमिटीचंच आहे.

वेळ लागतो. दिवाळीच्या सुट्टीत डेटा घ्यायचा असेल तर कागद पोळ्याच्या आसपास गेलेले बरे.

३. संमती: भाषा आणि लपवाछपवी

फॉर्म मराठीत, आणि नागपूर आहे म्हणून हिंदीतही. "सदर संशोधनात्मक अभ्यासामध्ये सहभागी होण्यास माझी स्वेच्छेने" असलं लिहू नका, तुमच्या मावशीला मोठ्याने वाचून दाखवा, ती जिथे "म्हणजे काय गं" म्हणेल ते वाक्य बदला. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, पण तुमच्याशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, तुमची मैत्रीण नाही. १८ च्या खालची मुलं असतील तर आई-वडिलांची संमती, आणि मुलाचाही होकार, ७ ते १२ ला तोंडी आणि १२ ते १८ ला लेखी. शाळेच्या मुख्याध्यापकांनी हो म्हटलं म्हणजे आई-वडिलांनी म्हटलं असं होत नाही.

आता खरा पेच. "मी तुम्हाला चकवणार आहे" असं आधीच सांगितलं तर चकवणूक संपली. मग फॉर्ममध्ये एवढं लिहायचं: या अभ्यासातली काही माहिती सुरुवातीला सांगता येत नाही, शेवटी सगळी सांगू, ते ऐकून तुम्हाला वाटलं तर तुमची उत्तरं काढून टाकू. हे प्रामाणिक आहे आणि चालतं. उद्देश थोडा वेळ झाकता येतो, त्रास झाकता येत नाही. दोन तास लागणार असतील तर दोन तास, रडवणारा व्हिडिओ असेल तर रडवणारा व्हिडिओ, ते आधीच सांगायचं.

आणि ज्यांची स्मृती आधीच गेलेली आहे त्यांच्यावर काम करायचा विचार असेल तर एचएम या दोन अक्षरांनी ओळखले गेलेले पेशंट आठवा. १९५३ च्या मेंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना नवीन काही लक्षात राहत नव्हतं, आणि पुढची पन्नासेक वर्षं त्यांच्यावर टेस्ट होत राहिल्या. सकाळी दिलेला होकार दुपारी ज्याला आठवत नाही त्याची संमती म्हणजे नेमकं काय? अशा वेळी प्रत्येक बैठकीला परत विचारायचं, जवळच्या माणसाची परवानगी असली तरी ज्याची टेस्ट आहे त्याने तोंड फिरवलं, उठायला लागला, की थांबायचं. (त्यांचं पूर्ण नाव जगाला २००८ मध्ये ते गेल्यावर कळलं, इतकी वर्षं नुसती दोन अक्षरं. हे मला फार आवडतं.)

४. "नाही" म्हणता यायला हवं

सगळ्यात जास्त गडबड इथे होते आणि कोणाला वाटतसुद्धा नाही. सर लेक्चर संपता संपता म्हणतात, कोणी जाऊ नका, ताईचा फॉर्म भरायचा आहे. दार बंद. पंचेचाळीस जण भरतात. ही संमती आहे का? सर बाहेर गेले, अटेंडन्स आधीच झाली, आणि कोरा फॉर्म पण त्याच डब्यात टाकता येतो, म्हणजे कोणी भरला कोणी नाही हे कळत नाही, असं असेल तर थोडीफार आहे. समोसा-चहा द्या ना, पण अर्ध्यात उठणाऱ्यालाही द्या. मेट्रोचं नाहीतर ऑटोचं भाडं द्या. हजार रुपये देऊ नका, हजारासाठी माणूस नको असलेलंही करतो.

५. बसायची जागा

एकटं बसवा. नवरा, सासू, मैत्रीण, कोणी नको. आपल्या टेस्टमध्ये माणूस चुकणारच आहे, तशीच ती बनवली आहे, मग ती चूक बघायला घरचा माणूस कशाला? मेमध्ये शक्यतो डेटा घेऊ नका, ४५ डिग्रीत लाइट गेली की माझीसुद्धा आठवण भरवशाची राहत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला त्यात बसवणं हा वेगळाच गुन्हा.

६. डिब्रीफिंग, इथे घाई नको

डिब्रीफिंग म्हणजे टेस्ट झाल्यावर माणसाला सगळं खरं समजावून सांगणं. बहुतेकांचं डिब्रीफिंग म्हणजे "थँक्यू, हा अभ्यास खोट्या स्मृतींवर होता." झालं. पण आपल्याच विषयातला एक प्रयोग सांगतो की एवढ्याने भागत नाही. १९७५ मध्ये रॉस, लेपर आणि हबर्ड यांनी लोकांना चिठ्ठ्या दिल्या, यातल्या खऱ्या कोणत्या आणि बनावट कोणत्या ओळखा म्हणून (चिठ्ठ्या आत्महत्येच्या होत्या, आज मी असलं मटेरियल घेणार नाही). मग कोणाला सांगितलं तुम्हाला फार छान जमलं, कोणाला सांगितलं अजिबात नाही, दोन्ही खोटंच, आधीच ठरवलेलं. नंतर उघड करून सांगितलं की मार्क खोटे होते. तरीसुद्धा "छान जमलं" वाले स्वतःला चांगलं समजत राहिले आणि "नाही जमलं" वाले वाईट. म्हणजे खोटं काढून घेतलं तरी त्याचा डाग राहतो. फरक पडला तो कधी, तर लोकांना हेच समजावलं की बघा, खोटं कळल्यावरही मन ते धरून ठेवतं, तुमचंही ठेवेल, तेव्हा.

तर माझा क्रम आता असा आहे. आधी विचारते, तुम्हाला काय वाटलं, हे कशाबद्दल होतं? त्यांना बोलू देते. मग चकवणूक सांगते, कुठे चकवलं ते बोटाने दाखवून, लिस्ट त्यांच्या हातात देऊन. मग का चकवावं लागलं. मग सांगते की ही चूक बहुतेकांची होते, माझी स्वतःची झाली होती, आणि ही टेस्ट आजार शोधायची नाहीच, यावरून तुमच्या डोक्याबद्दल काहीही ठरवता येत नाही. मग ते रॉसवालं, की घरी गेल्यावर परत वाटेल आपलंच काहीतरी बिघडलंय, तेव्हा हे आठवा. शेवटी विचारते, उत्तरं ठेवू की काढू? आणि एक कागद हातात, मराठीत, माझ्या आणि गाइडच्या नंबरसकट. चालू असलेल्या नंबरसकट. दहा-पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या, शेड्यूल बनवतानाच तेवढी धरा.

काकूंकडे मी परत गेले होते. हे सगळं तेव्हा मला पुस्तकातून माहीत नव्हतं, नुसती लाज वाटत होती म्हणून गेले. लिस्ट समोर ठेवली, समजावलं, त्या म्हणाल्या हो गं कळलं, पण चेहऱ्यावरून कळत होतं की कळलं नाहीये. मग मी काकांना म्हटलं काका तुम्ही पण करा ना एक. दुसरी लिस्ट वाचली, कडू, तिखट, साखर, मध, असं करत करत. काकांनी "गोड" लिहिलं, पहिल्या तीनात. नव्हता. काकूंनी कागद ओढून घेतला, स्वतः दोनदा वाचला, आणि मग जे हसल्या ना!

(काकांना मी संमती विचारली नव्हती हे मला माहीत आहे. तो डेटा नव्हता.)

७. डेटा

नावं एका वहीत, उत्तरं दुसरीकडे, मध्ये फक्त कोड. वही कुलपात. गूगल फॉर्ममध्ये ईमेल घेणं बंद करा, नको असेल तर घेऊच नका. पार्टिसिपंटचा कागद फोटो काढून बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "बघा काय लिहिलंय" म्हणून टाकणारे मी बघितलेत, त्यांना काय म्हणावं. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा आपल्याकडे झालाय, तोही गाइडसोबत एकदा वाचून घ्या, पण कायदा नसता तरी हे चूकच.

नाव काढलं म्हणजे माणूस लपला असंही नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये एका तरुणीची केस नाव बदलून छापली होती, लहानपणच्या आठवणी परत येण्याबद्दलची. दुसऱ्या संशोधकांना, त्यात लॉफ्टसही होत्या, शंका आली, त्यांनी छापलेल्या तपशिलांवरून ती कोण हे शोधून काढलं, तिच्या ओळखीच्यांना भेटले, २००२ मध्ये लेख लिहिला, प्रकरण कोर्टात गेलं. शंका बरोबर होती की नव्हती हा वेगळा वाद, पण तपशिलावरून माणूस सापडला हे खरं. मग "धरमपेठेतल्या, ६४ वर्षांच्या, निवृत्त संगीत शिक्षिका, डावखुऱ्या" असं डिझर्टेशनमध्ये लिहिलं तर नागपुरात किती वेळ लागेल? एक फोन. "साठीच्या पुढची स्त्री" एवढं पुरतं.

८. पुरासारखे विषय

नागपुरातला २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीचा पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, लोक झोपेतून उठून गळ्यापर्यंत पाण्यात. मेमरीवाल्याला मोह होणारच की त्या रात्रीच्या आठवणी किती पक्क्या आहेत बघू. नायसर आणि हार्श यांनी १९८६ च्या अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या स्फोटावर असंच केलं होतं, ती बातमी कशी कळली ते दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं आणि अडीचेक वर्षांनी परत विचारलं, तर ४४ पैकी ११ जणांचं सगळंच चुकलं, आणि आत्मविश्वास मात्र शाबूत.

पण त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती बातमी ऐकली होती. इथे माणसांचं घर गेलं, काहींचं माणूस गेलं. त्यांना "तुम्ही तेव्हा सांगितलेलं आणि आताचं जुळत नाही" असं दाखवणं म्हणजे काय होईल? नुकसानभरपाईच्या कागदावर एक आणि तुमच्या फॉर्मवर दुसरं असेल तर त्याला भीती वाटणार नाही? पूर न बघितलेल्या, नुसती बातमी ऐकलेल्या लोकांवर करा, तोही चांगला स्टडी होतो. आणि कोणाशीही बोलताना कोणी कोसळलं तर पेन खाली ठेवा, टेस्ट संपली. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तुमच्या कागदावर असू द्या, मोफत आहे, मराठीत बोलतात. तुम्ही समुपदेशक नाही, एमए पार्ट टू आहात.

९. स्वतःच्या आठवणीवर पण भरवसा नको

छोटंच सांगते. काय सापडेल असं वाटतंय, किती लोक घेणार, कोणाची उत्तरं कधी बाद करणार, हे डेटा घ्यायच्या आधी तारखेसकट लिहून गाइडला मेल करा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले तर ३६ टक्क्यांमध्येच निकाल तसाच ठळक आला. दरवेळी लबाडीच असते असं नाही, रिझल्ट आल्यावर "मला आधीच वाटलं होतं" असं मनापासून वाटतं, आपलं डोकंही त्याच कंपनीचं आहे. आणि तुमचा निकाल काहीच आला नाही तर काहीच आला नाही असं लिहा, व्हायव्हात कोणी खात नाही.

काकूंचा मागच्या महिन्यात फोन आला होता, ती झोपवाली लिस्ट पाठव म्हणे, आमच्या भिशीत घ्यायची आहे. मी पाठवली, खाली मोठ्या अक्षरात लिहून की आधी विचारा कोण कोण खेळणार, आणि शेवटी सगळ्यांना समजावून मगच घरी पाठवा. रात्री मेसेज आला: अकरा जणींपैकी आठ. एक रुसली होती, तिला थांबवून ठेवलं, दुसरा चहा केला, परत वाचून दाखवली.